स्पीकरवरचा वाघ

शेजारच्या तंबूतले भाऊ, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनीही वाचा, टाळ्या तुम्हीही वाजवल्या होत्या.

काल नागपूरजवळच्या वन्यप्राणी उद्यानात आमचा फॅमिली कॅम्प होता. तंबूंपासून थोड्या अंतरावर, जाळीपलीकडे, एक म्हातारी वाघीण एकटी राहते. जेवणं झाली आणि भाऊंनी मोबाइल स्पीकरला जोडून नर वाघाची डरकाळी लावली. कशाला, तर पोरांना गंमत.

वाघिणीनं उत्तर दिलं. सगळे खूश. भाऊंनी पुन्हा लावली, पुन्हा लावली. मी बंद करा म्हटलं, तर म्हणाले, "काहून भडकता ताई, पोरायले मजा येऊन राहिली ना."

कॅम्पवाला अडवायचं सोडून शूटिंग करत होता.

शेवटी स्पीकरची बॅटरी संपली. तुम्ही घोरायला लागलात. ती मात्र जाळीला अंग घासत पहाटेपर्यंत हाका मारत होती.

आज तुम्ही व्हिडिओ टाकलाय, 'थेट जंगलातून'. लोक बदाम देऊन राहिलेत.

परतताना गाडीत माझ्या मुलीनं विचारलं, "आई, ती इतकं बोलावत होती, मग तो वाघ आला काहून नाही?"

तिला काय सांगू भाऊ? खाली लिहा. मी तिला वाचून दाखवते.