गाडी लांब होती

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पाथर्डी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी साडेनऊला ठाणे अंमलदाराने वर्दी दिली. रस्त्यालगतच्या गावात प्रवासी नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपने एका बाईला उडवलं होतं.

बाई अंगणवाडीत मदतनीस. डावा पाय गुडघ्याखाली गेला. आम्ही स्पॉट पंचनामा केला, गावातल्या चौघांचे जबाब घेतले. चौघांचं म्हणणं एकच, बाई अचानक आडवी आली. चालकाचा चुलता गावचा पुढारी, आणि बाजाराला जायचं तर त्याच जीपने. वाकड्यात शिरणार कोण? चालक म्हणाला, "गावात तीसची पाटी हाय साहेब. मी तीसनंच हुतो."

इस्पितळात मी बाईला पहिलाच प्रश्न विचारला, "रस्ता बघून ओलांडायचा नाही का?" त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

"दोन्हीकडं बघितलं की, साहेब. गाडी लई लांब हुती. पाय गेला त्यो गेला. पन समदे म्हनत्यात, मी आंधळ्यावानी घुसले. मी लेकरं रस्ता पार करवनारी बाई. उद्या माझ्या हातात कोन लेकरू देईल?"

तिसऱ्या दिवशी त्याच लाइनचा दुसरा जीपवाला ठाण्यात आला. खुर्चीवर बसलासुद्धा नाही. "माझं नाव नगं. पन फाट्यावर नंबर कसा लागतो, त्ये इचारा त्याला." एवढं बोलून गेला.

मी चौकशी केली. जी जीप फेरी मारून फाट्यावर आधी परत येते तिचा नंबर आधी, तिला प्रवासी आधी. म्हणजे गाडी हळू चालवणारा दिवसभर फाट्यावर माशा मारत बसणार.

चालकाला पुन्हा बोलावलं. वेगाचा विषयच काढला नाही. आपल्या गाडीची तारीफ माणसाला आवडतेच. चहा पाजला आणि म्हणालो, "फाट्यावर तुझ्यापुढे कोणाचा नंबर लागत नाही म्हणे?"

गडी फुलला. "न्हाईच लागत! त्या दिवशी बी नऊ वीसला सुटलो, मागचे बघत ऱ्हायले."

नऊ वीस. फाट्यावर जीपचे नंबर लावणाऱ्या माणसानेही तीच वेळ सांगितली. अपघाताचा फोन स्टेशन डायरीत नऊ तीसला नोंदला होता. फाट्यापासून अपघाताच्या जागेपर्यंत अंतर चौदा किलोमीटर.

"चौदा किलोमीटर दहा मिनिटांत? हे झाले ताशी ऐंशीच्या वर."

"गावाबाहेर पळवली, साहेब. गावात हळू केली हुती."

मी पंचनामा पुढे सरकवला. टायरच्या खुणा बाई पडली तिथून सुरू होऊन पार चाळीस पावलांवरच्या शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या होत्या. तीसच्या वेगाची गाडी इतकी घसरत जात नाही. त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला.

"हळू केली का नंबर जातो, साहेब."

चुलत्याचे फोन सुरू झाले. मग वरूनही एक आला. अपघातच आहे, मिटवून टाका. मी मिटवलं नाही. भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचं दोषारोपपत्र कोर्टात पाठवलं. बदलीची धमकी आली, तेव्हा बॅग भरूनच ठेवली.

नोकरीत अनेक गुन्हे उघड केले, पण वेगमर्यादेचा अर्थ मला या बाईने शिकवला. पायी चालणारा माणूस लांबची गाडी बघतो आणि पाटीवर विश्वास ठेवून पाऊल टाकतो. त्या पाटीवरचा आकडा म्हणजे सरकारने त्याला दिलेला शब्द आहे. आजही मी बसलेल्या गाडीत चालकाला गावात वेग तीसवर आणायला लावतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

दोषारोपपत्र गेल्याचं सांगायला बाईच्या घरी गेलो. तिने ऐकून घेतलं आणि कुबडी ओढली.

"मला सांगून काय उपेग? चला, पारावर चला. त्या चौघांम्होरं सांगा."

ती पुढे, मी मागे. पारावर चौघेही होते. मी टोपी नीट केली आणि मोठ्याने सांगितलं, "या बाई बघूनच निघाल्या होत्या."