राठोड मॅडमचा शक

राठोड मॅडम कोणावर विश्वास ठेवत नसत. वणीच्या दवाखान्यात त्या रक्ताबिक्ताची तपासणी करणाऱ्या डॉक्टर. नळीवर नाव लिहिलेलं असलं तरी रोग्याला बापाचं नाव विचारायच्या, आणि स्वतः लिहिलेल्या रिपोर्टकडेही डोळे बारीक करून बघायच्या. माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या थोरल्या भावामुळे, सलीमभाईमुळे.

भाईला कबुतरांचा नाद. गच्चीवरची खुराडी तो कोरड्या झाडूनं झाडायचा. कितीतरी आठवडे त्याचं डोकं ठणकत होतं, ताप हटत नव्हता. शेवटी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. पाणी नितळ, पांढऱ्या पेशी जेमतेम. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मॅडमच्या कपाळावर मात्र आठी.

"मानूस इतका बेजार, अन् पेशी इतक्या गुपचूप? मले हे पटून नाही राह्यलं. सलीम, तू कोनत्या गोळ्या खाते?"

दम्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या भाई बरेच दिवस खात होता. अम्मीला वेगळाच संशय. बाई उगाच तपासण्या वाढवून राहिली, असं ती मला कोपऱ्यात ओढून सांगे.

मॅडमनी त्या पाण्यात काळ्या शाईचा थेंब मिसळला आणि मला भिंगातून दाखवलं. काळ्यात गोल दाणे, प्रत्येकाभोवती पांढरं कडं.

"हे यीस्ट, एक बुरशी. कबुतराच्या वाळल्या विष्ठेतून श्वासात जाते. यीस्टच्या भिंतीवरची साखर ओयखून पांढऱ्या पेशी धावतेत. पन हे जाड गोधडी पांघरून बसते. अन् तुह्या भावाच्या पेशी त्या दम्याच्या गोळ्यांनी गुंगल्या. मंग ओरडन कोन?"

शिरेतून औषधं सुरू झाली. भाई वाचला. घरी सोडताना मॅडमनी बुरशीवरच्या गोळ्या दिल्या, कितीतरी महिने रोज घ्यायच्या. कबुतरं मात्र बोरी अरबला मामूंकडे पाठवावी लागली, त्या रागात तो मॅडमचं नावही काढेना. मला त्या बाईंबद्दल तेव्हा जी माया वाटली, ती आजही आहे.

मॅडमची यवतमाळला बदली झाली तेव्हा बस पकडायच्या आधी त्या आमच्या घरी आल्या. भाईच्या डोळ्यांत टॉर्च मारला, मान वाकवून पाहिली.

"आता तं ठणठणीत हाओ, मॅडम. अजून काय शक हाये?"

"घरी खायले दिलेल्या बुरशीच्या गोळ्या तू बंद केल्या, हा."

भाईनं अम्मीकडे पाहिलं, अम्मीनं जमिनीकडे. डोकं ठणकायचं थांबल्यापासून गोळ्या कपाटातच होत्या.

मॅडमनी पिशवी खाली ठेवली, पाणी मागितलं. भाईनं गोळी गिळून तोंड उघडून दाखवलं. त्यांनी जीभही वर करायला लावली. तोवर बस गेली होती.