समोरची खुर्ची

एस्तेरबाई गेल्याची बातमी मला डेअरीवर कळली. सकाळचं दूध घालायला किटली घेऊन रांगेत उभा होतो, तेवढ्यात बाईंच्या भाच्याचा फोन आला. "सर, आत्या गेली... पहाटे, झोपेतच." मी फोन खिशात टाकला. रांगेतल्या लोकांनी माझा चेहरा पाहिला, कोण गेलं विचारलं, मी सांगितलं. एरवी डेअरीवर सकाळी राजकारणापासून गोचिडांपर्यंत सगळ्यावर एकदमच चर्चा चालू असते. त्या दिवशी विषय एकच, बाई. माझ्या पुढे बबनराव होते. किटली खाली ठेवून ते म्हणाले, "लई मोठं मानूस गेलं, सर. मला खुर्चीत बसवलं हुतं बाईंनी. सगळ्यात पयलं मला." एखाद्याने आपल्या हातून झालेल्या ध्वजवंदनाची आठवण सांगावी, तसं त्यांनी ते सांगितलं. मागून आणखी एक जण म्हणाला, "मी बी बसलोय." मग आणखी एक. महिना होऊन गेला त्याला, पण बाईंची आठवण लिहायला बसलं की आधी मला ती रांगच दिसते.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, पाऊस जेमतेम आणि बोलणारी माणसं भरपूर. बाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या, मी गणित. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं समोरासमोर होती आणि मतं सहसा विरुद्ध. त्यांचे वडीलही शिक्षक होते, मिशनच्या शाळेत, त्यामुळे चुकीचं मराठी ऐकलं की बाईंना पित्त उठायचं. नाताळात त्यांच्या घरच्या करंज्यांचा डबा यायचा आणि मधली सुट्टी संपायच्या आत रिकामा व्हायचा. त्यात माझा वाटा मोठा असे हे इथे कबूल करायला हरकत नाही. बाईंचा आवाज अगदी बारीक. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, म्हणून पोरं आपोआप गप्प बसायची. आणि अशा बाईंकडे शाळेने काम काय दिलेलं, तर मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करायचं!

वक्तृत्व स्पर्धा हे आमच्या भागातलं बारमाही पीक आहे. 'आजचा युवक', 'बदल माझ्यापासून', 'जग बदलण्याची ताकद' असे विषय यायचे, बाई भाषण लिहून द्यायच्या, मुलं ते घोकायची आणि मुठी वळून, डोळे वटारून अशी काही म्हणायची की परीक्षकांची छाती दडपावी. ढालींनी शाळेचं कपाट भरलं. मी चिडवायचो, "बाई, तुमची मुलं दर वर्षी जग बदलून येतात. शाळेच्या नळाची तोटी मात्र जुनीच आहे." त्या चहाची बशी तोंडाला लावत म्हणायच्या, "तुमच्या गणिताने कुठं बदलली?"

एका वर्षी मनीषा नावाची दहावीतली मुलगी तालुक्यात पहिली आली. विषय मुलींच्या शिक्षणाचा. मी होतो त्या सभागृहात. पोरीने असं भाषण केलं की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी डोळे पुसले. दहावीलाही तिला चांगले मार्क पडले, पण शाळेत अकरावीचे वर्ग सुरू झाले तरी मनीषाचा पत्ता नाही. बाई म्हणाल्या, चला सर, घरी जाऊन येऊ. मनीषा म्हणजे आमच्या बबनरावांची मुलगी. आम्ही गेलो तर ती गोठ्यात शेण काढत होती आणि बबनराव आमच्यासाठी खाट झटकत होते. साधा, कष्टाळू माणूस, तोंडात वाईट शब्द नाही. बाईंनी भाषणाचा विषय काढला तेव्हा ते खरोखर चक्रावले. "भाषन केलं व्हय हिनं? कशाचं?" मग फडताळातल्या ढालीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आनली तवा म्या इचारलं, तर म्हनली पयला नंबर आला. कशात आला ते म्या न्हाई इचारलं, तिनं न्हाई सांगितलं."

परत येताना चढावर मी गाडी ढकलत होतो आणि बाई शेजारून चालत होत्या. चढ संपल्यावर दम खायला थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, पोरगी परक्या गावातल्या भरल्या सभागृहात बोलली. ज्याला सांगायचं तो एकच माणूस राहिला." मी गाडी सुरू केली. मला वाटलं, उद्यापर्यंत विसरतील. पण बाईंचं विसरणं आणि माझं विसरणं यात फरक होता.

आठवडाभरात त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं की यापुढे मी स्पर्धेसाठी मुलं तयार करणार नाही. मुख्याध्यापक नाराज झाले, संस्थेचे लोक नाराज झाले, कपाटात नवी ढाल येणार नाही म्हणून काही पालकसुद्धा नाराज झाले. बाईंनी रविवारी संध्याकाळी बाजारतळावर बैठक सुरू केली. आमचा बाजार मंगळवारचा, त्यामुळे रविवारी भाजीवाल्यांचे ओटे रिकामे असतात. ज्याला बोलायचं त्याने जमिनीवर उभं राहायचं, बाकीच्यांनी ओट्यावर बसून ऐकायचं. विषय कोणताही, स्वतःच्या सुधारण्याचा किंवा जगाच्या. अट एकच होती. बोलणाऱ्याने घरातलं असं एक माणूस सोबत आणायचं, ज्याच्यापुढे हे बोलायची त्याला भीती वाटते. त्या माणसाला समोरच्या खुर्चीत बसवायचं, चार हातांवर. त्याने मध्ये बोलायचं नाही आणि तिथे उत्तरही द्यायचं नाही. उत्तर घरी, जेवताना. भरल्या ताटावर माणूस फार खोटं बोलत नाही, असं बाईंचं मत.

खुर्ची लोखंडी, घडीची, एका मांडववाल्याने धंदा बंद केला तेव्हा त्याच्याकडून आणलेली. पाठीवरचं त्याचं नाव पार उडालेलं. तिची एक बिजागरी वाकडी होती, त्यामुळे बसणाऱ्याने जरा चुळबुळ केली की कुरकुर वाजायची आणि साऱ्या बाजारतळाला ऐकू जायची. मी एकदा तेलाची डबी घेऊन गेलो तर बाईंनी माझा हात धरला. "वाजू द्या, सर. समोरचा ऐकतोय हे पोरांना तेवढ्यानं तर कळतं."

पहिल्या रविवारी त्या खुर्चीत बबनराव बसले. मनीषाला पाठ केलेलं भाषण आठवेना, आणि तेच बरं झालं. "आण्णा, मला शिकायचंय," एवढं म्हणून ती गप्प झाली. बाईंनी ओट्यावरून आपल्या त्या बारीक आवाजात विचारलं, "बरं. पुढं?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कोणी 'जग बदललं पाहिजे' म्हटलं तरी त्या एवढंच विचारायच्या. मग मनीषा आपल्या शब्दांत बोलली, अडखळत, नाक ओढत, गोठ्याचं काम सकाळी करून कसं जाता येईल तेही सांगितलं. खुर्ची सारखी कुरकुरत होती. रात्री जेवताना बबनरावांनी बायकोला सांगितलं म्हणे, "उद्या जरा लवकर भाकरी कर. पोरीला साळंत जायचंय." मनीषा आज नगरच्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि बबनराव डेअरीवर तिचं कौतुक ज्याला त्याला ऐकवतात.

सगळंच असं गोड झालं असं मात्र नाही. एका मुलाने आजोबांना तंबाखू सोडायला सांगितली. आजोबांनी जेवताना डबी उकिरड्यावर फेकली आणि दोन दिवसांनी स्वतःच शोधून आणली. एक बाप मुलाचं बोलणं अर्धवट टाकून उठून गेला, तो पुढे बाईंशी कधी बोलला नाही. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला बाईच कारण झाल्या, असं गावात बरेच दिवस बोललं गेलं. बाई ऐकून घ्यायच्या, रविवारी खुर्ची उचलून पुन्हा बाजारतळावर जायच्या. निवृत्त झाल्यावरही तेच. मला अभिमान वाटतो तो या गोष्टीचा. ढाली मिळवणारे आमच्या तालुक्यात पुष्कळ झाले, ढाली सोडून देणाऱ्या बाई एकच.

मी बैठकीला जायचो, पण ओट्यावर मागे बसून. बाई म्हणायच्या, "सर, तुम्हाला एकदा बसवायचंय खुर्चीत." मी म्हणायचो, "मला कोण भितं? वर्गातली पोरंसुद्धा भीत नाहीत." त्या नुसत्या हसायच्या. माझी मुलगी ऋतुजा बाईंच्या हाताखाली शिकलेली, शाळेत असल्यापासून बैठकीला येणारी, पण बोलायला कधी उभी राहिली नाही. आमच्या घरी मोकळं वातावरण, तिला चारचौघांत सांगण्यासारखं काय असणार, असं मी समजत होतो. संगमनेरला पदवी झाली, तिथेच एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी चालू होती. आमची पोरगी साहेब होणार हे मी डेअरीवर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

बाईंना शेवटचं भेटलो ते त्यांच्या भावाच्या घरी. खूप वाळल्या होत्या. खाटेशेजारी तीच खुर्ची आणि तिच्यावर औषधांच्या पट्ट्या. म्हणाल्या, "ही तुमच्याकडे न्या. इथं नुसतं सामान ठेवतात हिच्यावर." मी खुर्ची मिटून बगलेत धरली. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "ऋतुजा आली की तिला सांगा, खुर्ची तुमच्याकडे आहे." मी बरं म्हणालो.

त्या गेल्यानंतरच्या रविवारी बैठक होईल असं मला वाटलं नव्हतं. बाईंशिवाय कोण येणार, आणि आलं तरी कोण चालवणार? इतक्या वर्षांचं काम एका माणसाबरोबर मातीत जाताना मी पाहिलेलं आहे, तसंच हेही जाणार, असं मी बायकोला बोललोही. ऋतुजा बाईंच्या मातीला आली होती ती अजून गावातच होती. संध्याकाळी चपला घालून म्हणाली, "पप्पा, खुर्ची घ्या. चला." बाजारतळावर पाहतो तर ओटे भरलेले. बबनराव होते, रजा काढून मनीषा आली होती, डेअरीच्या रांगेतले ते दोघेही होते. मी खुर्ची उघडली, ठरलेल्या जागी ठेवली आणि नेहमीसारखा मागे जायला वळलो. ऋतुजा खुर्चीसमोर उभी होती. म्हणाली, "बसा, पप्पा."

खरं सांगतो, मला आधी रागच आला. एवढ्या लोकांत... पण बसलो. ऋतुजाने बाईंचं नाव घेतलं नाही की श्रद्धांजलीचं एक वाक्य बोलली नाही. "पप्पा, मला साहेब व्हायचं नाही," म्हणाली. मग गप्प. मी हललो आणि खुर्ची वाजली. बाईंचा आवाज यायचा तो हाच क्षण होता आणि तो येणार नव्हता, हे तिलाही कळत होतं. पोरगी स्वतःचं स्वतः पुढे बोलली. दोन वर्षं अभ्यासिकेत बसून ती तोंडाने एक पुस्तक वाचत होती आणि डोक्यात मराठीचा वर्ग चालवत होती. तिला बीएड करायचंय, इथल्याच शाळांमधून शिकवायचंय आणि ही बैठक चालू ठेवायचीय. "जग बदलेल का मला माहीत नाही. बाजारतळ तरी रिकामा राहणार नाही. तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्हणून मला तुमची भीती वाटते." आणि ती थांबली.

घरी येताना खुर्ची माझ्याच बगलेत होती. पाय जड झाले होते, कारण साहेब झालेली मुलगी मी मनात इतकी पक्की बसवली होती की तिला उठवणं सोपं नव्हतं. आणि तरी, त्याच रस्त्यावर, माझी मान ताठ होती. बाईंनी तिला कधी भाषण लिहून दिलं नव्हतं. हे सगळं तिचं होतं. ऋतुजाच्या आईने ताटं वाढली. पिठलं होतं, भाकरी होती. ऋतुजा मान खाली घालून भाकरीचा तुकडा नुसता चिवडत होती. मी गणिताचा मास्तर, समजावून सांगायला लागलो तर फळा पुरत नाही. त्या रात्री मला एकच वाक्य सुचलं, आणि तेही माझं नव्हतं.

"बरं," मी म्हणालो. "पुढं?"

तिने वर पाहिलं, डोळे भरलेले, आणि मग ती ताट थंड होईपर्यंत बोलत राहिली.

खुर्ची आता आमच्या ओसरीत भिंतीला टेकून असते. परवा मी पुन्हा तेलाची डबी घेऊन तिच्यापाशी बसलो होतो. ऋतुजा आतून म्हणाली, "पप्पा, नका. वाजू द्या." मी डबी परत फळीवर ठेवली. उद्या रविवार आहे, आमच्या गल्लीतला एक मुलगा आईला घेऊन येणार आहे. खुर्ची न्यायची ती मीच.