अविश्वास ठरावाच्या दिवशी मेंढरं कुणी राखली

आमच्या सरपंचबाईवरचा अविश्वास ठराव बॉडीत, म्हणजे ग्रामपंचायत सदस्यांच्या सभेत, एका मताच्या जोरावर मंजूर झाला. ते मत माझं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी ते का दिलं, हे मात्र मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो, तसा मीही मेजर. मेजर कमी बोलतो, तोलून बोलतो, अशी माझी ख्याती. खरं सांगायचं तर बोलायला तोंड नसलं की मी गप्प बसतो.

आमचं गाव माण तालुक्याच्या टोकाला. डोंगर उतरला की सांगली जिल्हा. सरपंच थेट जनतेतून निवडायचा म्हटल्यावर गावाने एक गंमत केली. सरपंचपदाची मतं वस्तीवरच्या बाईला दिली, आणि सदस्य मात्र बहुतेक आबांच्या पॅनेलचे निवडून दिले. आबा म्हणजे माजी सरपंच. वस्ती म्हणजे माळावरची मेंढपाळांची घरं. तिथून सरपंच झालेली ही पहिलीच. आबांचा कंटाळा आला होता म्हणून एक मत तिला, आणि भावकी मोडवेना म्हणून दुसरं मत आबांच्या माणसाला. मी तिच्या पॅनेलमधून निवडून आलो होतो.

तिथून पुढे सरपंच एकीकडे आणि बॉडी दुसरीकडे. वस्तीवर नळ नेईन, एवढा एकच शब्द तिने मतं मागताना दिला होता. पाइप आले आणि शाळेमागे रचून ठेवले गेले. मासिक सभेत चर खणायचा विषय निघाला की आबांचे सदस्य "पुढच्या सभेत बघू" म्हणून हात वर करायचे आणि तडक समोरच्या हॉटेलात चहाला जायचे. एकदा तिथल्या टीव्हीवर अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीची बातमी लागली होती.

"ही काय भानगड हाय रं?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"राष्ट्राध्यक्ष एका पार्टीचा, अन् सभागृह दुसऱ्या पार्टीकडं जातंय का काय, असं चाललंय," एका कॉलेजच्या पोराने सांगितलं. "मग तो म्हणंल त्याला ही आडवी."

"आरं, मग आपली बॉडी न्या म्हणावं तिकडं शिकवायला! इमानाचं भाडं गाव दील."

आबांचे सदस्यही हसले. मीही हसलो.

मग यात्रा आली. यात्रेचा फ्लेक्स सरपंचबाईच्या पुतण्याने दहिवडीहून करून आणला. वर देव, खाली पुढारी, मग सरपंच, मग सदस्य. माझा फोटो अगदी तळाच्या रांगेत, कडेला. ते एक वेळ चाललं असतं, पण फ्लेक्स बांधायची लोखंडी कडी नेमकी माझ्या कपाळात बसली होती. न्हाव्याने दुकानातूनच ओरडून सांगितलं, "मेजर, बॉर्डरवर चुकवली ती गोळी हितं लागली की वो!" सगळा चौक हसला. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही.

आबांना कुणी काही सांगावं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मेजर, देशासाठी लढलेला मानूस तुमी. अन् ही किंमत? उपसरपंच तुमीच व्हायचं आता."

अविश्वासाला कायद्याने जेवढे हात लागतात, त्यात आबांना एकच कमी पडत होता. तो मी दिला. लोकांना कारण सांगितलं, "मनमानी कारभार." खरं कारण ती कडी होती. कपाळातली.

सभेआधी आम्हाला सहलीला नेलं. सहल म्हणजे सांगलीजवळचं एक लॉज. जाताना आमचे फोन काढून पिशवीत घातले. पान खायला बाहेर पडलो तरी मागून एक जण यायचा. रात्री मटणाचं ताट पुढ्यात असताना आबा खुशीत येऊन म्हणाले, "हितं जिंकलो तरी पुढं गावाचं गुप्त मतदान हाय. जनतेतनं निवडलीय ना, तिला काढायचं तर जनतेलाच इचाराय लागतंय. पण आता वस्तीवर हाय कोण? मेंढरं गेली कृष्णाकाठी, अन् माणसं मेंढरांमागं." सगळे हसले. मी ऐकलं आणि आणखी रस्सा मागितला. ज्या रश्शाची मला आजही लाज वाटते, तो हाच.

सभेच्या दिवशी आमची जीप थेट ग्रामपंचायतीच्या दारात लागली. सरपंचबाई पायरीवर उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, जेवून आलासा का?" टोमणा नव्हता तो. आमच्याकडे माणूस दिसला की विचारतात, तसं तिने विचारलं. मी मान हलवली, आत गेलो आणि हात वर केला.

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. "लॉजवर फोन काढून घेतला म्हणं तुमचा. शिपाई म्हणून गेला व्हता का कैदी म्हणून?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"माझं मत कुणाला ते मी सांगायची न्हाई. पण वस्तीवरची माणसं आली तर ठराव पडतोय, हे आबांनाबी ठावं हाय. सरपंचीण बोलवंना त्यांस्नी. म्हणती, सासऱ्यांनी शेतकऱ्यांना शब्द दिलाय, मेंढरं उघड्यावर टाकून कुणी यायचं न्हाई."

कापलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवली की रानाला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य, पैसे. माणसं निघून आली तर कळप उभ्या उसात शिरणार, लांडगे-चोरांचं भय वेगळं. म्हणजे पद राहायचं तर मेंढरं राखायला कुणीतरी हवं होतं. एवढं कळायला मला सबंध रात्र लागली नाही. सकाळी मोटारसायकल काढली, विटा ओलांडलं, आणि कृष्णाकाठच्या पट्ट्यात विचारत विचारत दुपारी त्यांच्या तळावर पोचलो.

सरपंचबाईचे सासरे बाभळीखाली घोंगडं टाकून बसले होते. "या मेजर. आबांनी धाडलं व्हय? मानसांची मतं झाली, आता मेंढरांची पायजेत?"

भोवतीची माणसं हसली. मी म्हणालो, "मामा, मतदानादिवशी तुमी समदी गावाला जावा. मेंढरं मी राखतो."

कुणी हसलंसुद्धा नाही. एक जण म्हणाला, "ह्यो सापळा हाय. आमी गेलो की ह्यो कळप सोडून पळणार."

"तिच्याइरुद्ध हात वर केलास तू," म्हातारा म्हणाला. "का केलास ते सांग आधी. खरं सांग. मग हातात काठी द्यायचं बघू."

मनमानी कारभार, असं तोंडापर्यंत आलं होतं. ते गिळलं, आणि फ्लेक्सची सगळी हकिकत सांगितली: तळाची रांग, कपाळातली कडी, न्हावी, न जेवणं, लॉजवरचा रस्सा. सांगताना मी नजर खाली ठेवली होती. पण म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "फोटूपायी? आरं गड्या, फोटूपायी!" त्याने पलीकडच्या तळावर हाक घातली, "आरं, ऐकलं का? मेजर फोटूपायी फुटला!" रानभर हसू पसरत गेलं. माझी एवढी बेअब्रू कधी झाली नव्हती, आणि इतकं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं.

"येकटा न्हाई पुरायचा तू," हसू ओसरल्यावर म्हातारा म्हणाला. "आणखी मानसं आण."

गावात निवृत्त फौजी काय कमी? दोघे दोस्त तयार झाले. त्यांतला एक आबांच्या सख्ख्या भावकीतला. तो म्हणाला, "गावात ऱ्हाऊन मत न्हाई दिलं तर आबा इचारतील. पर मेंढरं राखाय गेलो व्हतो म्हटल्यावर काय बोलतील?"

मतदानाच्या दिवशी पहाटे दोन टेम्पो भरून वस्ती गावाकडे गेली. तळावर राहिलो आम्ही तीन फौजी, कुत्री, आणि मतापेक्षा कोकरांची काळजी जास्त असलेली एक म्हातारी. माझं स्वतःचं मत मी तिथेच सोडलं. कळप पहिल्या तासातच शेजारच्या उभ्या उसाकडे निघाला. माझा दोस्त पुढे धावून कवायतीच्या आवाजात ओरडला, "थम!" मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली.

"आवं मेजर," म्हातारी ओरडली, "म्होरं उभं राहून काय सलामी घेतायसा? कडंनी वळवा!"

तेवढ्यात उसाचा मालक बांधावरून गरजला, "कुणाची रं मेंढरं ही?"

"सरपंचांची!" मी छाती काढून म्हणालो.

दुपार कलली आणि फोन वाजला. बायको होती. पलीकडे एवढा कल्लोळ की तिला ओरडावं लागत होतं. "पडला! आवं, ठराव पडला! शाळेच्या मैदानात उभं राहाय जागा न्हाई. मुंबईचीबी पोरं रातच्या गाडीनं आली. मोजणीत आबांच्या गल्लीतनंसुदिक मतं फुटली म्हणं!"

मी ओरडून दोस्तांना सांगितलं. त्यांनी टोप्या उडवल्या, कुत्री भुंकायला लागली, आणि जेमतेम गोळा केलेली मेंढरं पुन्हा चौफेर उधळली. त्या पळापळीत फोन परत वाजला. ह्या वेळी सरपंचबाई.

"भावजी, मेंढरं बरी हायती न्हवं?"

"बरी हायती वैनी." पुढचं वाक्य दोनदा अडलं, मग निघालं. "माझं चुकलं."

"सासऱ्यांनी सांगितलंय समदं," ती म्हणाली, आणि हसू दाबल्याचं मला ऐकू आलं. "आता ग्रामसभा लावतीया. चर खणायचा इषय गावाम्होरंच मांडते. बॉडीला म्हणावं, चहा पिऊन निवांत या."

दिवस मावळताना टेम्पो आले. लांबूनच ओरडा ऐकू येत होता. माणसं भंडाऱ्याने पिवळीजर्द झाली होती. बायकांनी टेम्पोच्या फळीवर थापा मारत ताल धरला होता. म्हाताऱ्याने उतरल्या उतरल्या मूठभर भंडारा माझ्या डोक्यावर ओतला आणि कळपाकडे वळला. तो मेंढरं मोजत नव्हता, नुसती नजर फिरवत होता. नजर एका जागी थांबली.

"मेजर, यक जास्ती हाय."

"जास्ती?"

"ती काळ्या कानाची आपली न्हाई. वरच्या तळावरची फोडून आणलीस व्हय रं?"

पुन्हा हसण्याचा गदारोळ उठला. मी ती मेंढी खांद्यावर घेतली, तशी माझ्या अंगाला घासून तीही पिवळी झाली, आणि ज्याची त्याला परत द्यायला वरच्या रानाकडे निघालो. मागून म्हातारी ओरडत होती, "नीट धरा, पाय सुटतोय तिचा!"