चिंधी बांधलेला दुधी

त्या दुधीच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती, आणि ती मी पाहिली होती. पाहिली होती हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मालाड तेव्हा निम्मं गावच होतं. आमच्या चाळीमागे एका विधवा म्हातारीची भाजीची वाडी होती. तिचा रहाटाचा बैल मेला, तेव्हा जागा विकून टाकायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. मीच चाळीतल्या सगळ्यांना जमवलं. रोज सकाळी दोन घरांनी आळीपाळीने विहिरीचं पाणी काढायचं आणि रविवारी तिने भाजीचे वाटे लावायचे, असं ठरलं. दोर आणि बादल्या माझ्या दुकानातल्या. डोक्यावर भांडी घेऊन दारोदार फिरत मी ते दुकान उभं केलं होतं. फुकट काही देण्याची मला सवय नव्हती.

वाटे मात्र सगळ्यांना सारखे. एका रविवारी माझं डोकं फिरलं.

"आजी, मी चाळीस बादल्या काढतो. हा कारकून दहा काढून कंबर धरतो. वाटा सारखा कसा?"

"त्याच्याकडं खाणारी तोंडं सात हायत."

"ती काय मी आणली?"

"शेट," ती म्हणाली, "तुजी जीब रहाटाला जुंपली ना, तर बैल नको."

सगळे हसले. कारकून तर पालथ्या बादलीवर बसून हसला. मी माझा वाटा उचलला, पण ते हसणं आठवडाभर कानांत राहिलं.

पुढच्या खेपेला माझ्या जोडीचं घर आलंच नाही. वाडीत मी एकटा. मांडवावरचा वेल सुकत आला होता. पानांआड एकच दुधी लोंबत होता, हातभर लांब, अंगावर अजून लव असलेला. कोकणात माझी आई बियाण्यासाठी राखलेल्या फळाला अशीच चिंधी बांधायची. तसल्या पडवळाला हात लावला म्हणून मी एकदा मारही खाल्ला होता. तरी मनाशी म्हटलं, हाच माझा राहिलेला वाटा. दुधी कापला आणि चिंधी पायाने चिखलात दाबली.

बायकोने तो चिरला. "किती कोवळा! बियासुद्धा धरल्या नाहीत," ती खुशीत म्हणाली. पिकलेला असता तर बिया गुपचूप परत ठेवता आल्या असत्या. भाजी मात्र मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

रविवारी म्हातारी वाटे न लावताच उभी राहिली.

"बियाण्याचा दुधी कुणी नेला? माज्या सासूपासूनचं बी होतं. मी रागवत नाय. बी असंल तर तेवढं द्या."

कारकून खाली बघू लागला. सात तोंडांच्या घरावरच संशय येणार, हे त्याला कळलं होतं. तेव्हा मी ओरडलो, "माणूस कशाला नेतोय? गुरं शिरली असतील! कुंपण बघा की, नुसती भोकं पडलीत!" आणि बाह्या सारून दुपारपर्यंत कुंपण बांधत बसलो. काटे टोचले तशा मोठ्याने शिव्या दिल्या. त्या दिवशी माझ्याकडून खरं असं फक्त ते कुंपण झालं.

वाटे लागले, तेव्हा म्हातारीने माझ्या वाट्यावर दोन मुठी मेथी वरून टाकली.

"घे शेट. आज तुजं जास्तीचं."

भांडून जे मिळालं नव्हतं, ते समोर पडलं होतं. नको म्हणायला हवं होतं. उचलून घरी आणलं.

पुढच्या वर्षी तिने बाजारातून बी आणलं. ते दुधी पांचट आणि चोथाळ निघाले. चाळीतल्या बायका कुरकुरल्या. काकडी चाखल्याशिवाय न घेणारा मी, ते निमूट खात राहिलो. सारखे वाटे लावणं चूकच होतं, असं मला अजूनही वाटतं. पण तिच्याशी त्यावरून पुन्हा भांडायला मी गेलो नाही. गेलो असतो, तर आधी दुसरंच काहीतरी सांगावं लागलं असतं.