पहिल्या 'बास'ला थांबणारी ऋतुजा

ऋतुजाला कुणी काही म्हटलं की ते तिला जसंच्या तसं खरं वाटतं. ही काळजी तेवीस वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. मुलं खोटं बोलतात म्हणून आया काळजी करतात. माझी मुलगी समोरच्याचं सगळं खरं मानते म्हणून मी करते. आज संध्याकाळी लातूरहून तिचा फोन आला, तेव्हापासून तर झोपच उडाली आहे.

"आई, रविवारी खेळ काढून टाकते," ती म्हणाली. "लोकांना आवडत नाही म्हणजे नाही. पुन्हा असलं काही करायची नाही मी."

मी विचारलं, "जेवलीस का?"

ऋतुजा लातूरला एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवते. उरलेल्या वेळात दीड वर्ष खपून तिनं हा खेळ केला. नाव 'पंगत'. मोबाइलवर काही उतरवून घ्यावं लागत नाही, लिंक दाबली की ब्राउझरमध्ये उघडतो. पत्रावळींची रांग, त्यामागं फेटे बांधून बसलेले पाहुणे, आणि आपण बोटानं बादली सरकवत भात, वरण, बुंदी वाढत जायचं. पाहुणा "बास" म्हणाला की थांबायचं. त्यानंतरही वाढलं तर तो चिडतो आणि आपली एक पळी जाते. तीन पळ्या गेल्या की खेळ संपला.

खेळाखाली लोक पाचापैकी तारे देतात आणि आपलं मत लिहितात. ऋतुजा एकूण एक मत वाचते आणि दुसऱ्या दिवशी खेळ बदलते. कुणी लिहिलं फार वेगात चालतो, तिनं हळू केला. कुणी लिहिलं झोप येते, तिनं पळवला. एकानं फेटे गुलाबी करायला सांगितले. आठवडाभरात त्या बिचाऱ्या पाहुण्यांच्या फेट्यांनी चार रंग पाहिले.

मीही तिथं लिहिते. पण आईनं केलेलं कौतुक कुणी मोजत नाही, म्हणून मी नाव घेतलं 'व्यंकटी, हदगाव'. हदगाव माझं माहेर, तेवढंच खरं. पहिल्यांदा लिहिलं, 'मिठाची वाटी अंगठ्याखाली झाकली जाते, डावीकडे घ्या.' तासाभरात उत्तर आलं: 'धन्यवाद काका! घेतली.' मी हे ह्यांना, म्हणजे वैजनाथरावांना, दाखवलं.

"सख्ख्या पोरीला काका होऊन शिकवून राहिलीस," ते म्हणाले. "आता मिशा बी लाव."

म्हणाले खरे, पण रोज सकाळी चहाआधी विचारतात, "आज किती तारे पडले?"

तारे काही पडेनात. गंमत अशी, की पुण्या-मुंबईचे लोक लिहीत होते, 'फारच सोपा.' आणि आमच्या नांदेड-लातूर-उदगीरचे सगळे तिसऱ्या पंगतीत अडकून लिहीत होते, 'पाहुणे विनाकारण चिडतात.' ऋतुजा वेग कमी-जास्त करत राहिली.

आज दुपारी शेजारच्या हाजराआपा मोबाइल घेऊन आमच्या पलंगावर येऊन बसल्या. तिसरी पंगत. एक म्हातारा पाहुणा बास म्हणाला.

"आपा, थांबा आता," मी म्हटलं.

"असं कसं थांबू? पत्रावळ रिकामी हाय की त्याची!" आपांनी बुंदी टाकली. म्हातारा चिडला, पळी गेली. "बघा! ह्याला काय झालं?"

"त्यो बास म्हणाला ना."

"अगं उज्वला, दावतीत पहिल्या झटक्यात कोण हो म्हणतंय? त्यानं बास म्हणायचं, आपण वाढायचं. खेळ बनवणारीला कधी पंगतीत नेलंच न्हाई का तुम्ही?"

नेलं होतं. हदगावलाच, माझ्या भावाच्या लग्नात. ऋतुजा नऊ वर्षांची. तोवर लहान म्हणून तिच्याकडं फक्त मीठ असायचं, त्या दिवशी हट्ट करून बुंदीची बादली घेतली. व्याही हणमंतराव "बास पोरी, बास" म्हणाले आणि ती खरंच पुढं गेली. एक दाणा वाढला नाही. हणमंतराव हात धुताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या पोरीनं आम्हाला बुंदीचं नुसतं दर्शन घडवलं!" मांडव हसून लोळला. मीसुद्धा.

म्हणजे गडबड वेगात नव्हती. आमच्या भागातल्या माणसाचं बोट पहिल्या बासवर विश्वासच ठेवत नाही. फोनवर हे सांगायचं राहिलं. मग रात्री भांडी आवरून व्यंकटीकाकांनी लिहिलं: 'मॅडम, वेगाला हात लावू नका. पहिल्या बासला पाहुण्याला चिडवू नका. आग्रहाला जादा गुण द्या. खरं बास आलं की मगच पळी कापा.'

आत्ता, साडेअकराला, उत्तर आलं आहे.

'काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण खरं बास कोणतं? मी नऊ वर्षांची असताना तुमच्याच हदगावात बुंदी वाढत होते. एक आजोबा बास म्हणाले, मी थांबले, तर सगळे हसले. त्यानंतर मी पंगतीत कधी वाढलं नाही. मला ते अजून ओळखता येत नाही. फोनवर सांगाल का? नंबर द्या. मी जागीच आहे.'

चौदा वर्षं आम्ही तो किस्सा प्रत्येक लग्नात चवीनं सांगत आलो. ती शेजारी बसून हसायची. मला वाटायचं, तिलाही गंमत वाटते.

खरं बास मला चांगलं माहीत आहे. पोट भरलेला माणूस तोंडानं फारसं बोलत नाही. तो पुढं वाकतो आणि दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरतो. एवढं चित्र काढायला तिला एक दिवस पुरेल, आणि रविवारला अजून तीन आहेत. शिवाय खेळ काढून टाकते असं ती एकदाच म्हणाली आहे. एकदा म्हटलेलं मी कशाला धरू? मी हाजराआपांची शेजारीण आहे.

ह्यांना हलवून सांगितलं. झोपेतच म्हणाले, "फेटे पांढरेच ठेव म्हणावं."

व्यंकटीकाका म्हणजे आई, हे कळल्यावर ती आधी चिडेल. चिडू दे. पाच मिनिटांत हसेल, हे मला माहीत आहे. नंबर लिहून द्यायची गरज नाही, तिच्याकडं तो आहेच. लावते.