मतदानाच्या दिवसापुरती आंधळी

मालकाच्या पुतण्यानं माझं मनगट धरलं. रांगेतल्या समद्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सरका बाजूला. आंधळी बाई हाय."

मी पदर डोळ्यावर वढला आन् पाय चाचपत टाकला. शाळेची पायरी मला दिसायली होती. तिचा फुटलेला कोपराबी दिसायला होता.

हे पहिल्या टायमाचं. तवा मी तिशीची. नवरा जाऊन वरीस झालेलं, मजुरी मालकाच्याच रानात. मतदानाच्या आदल्या दिवशी मालकाच्या ओसरीवर वाटणी व्हायची. आंधळ्या माणसाला बटन दाबायला सोबती नेता येतो, पण एका सोबत्याला आंधळा एकच. म्हणून पुतणे, भाचे, जावई समदे कामाला लागायचे. मी पुतण्याच्या वाट्याला. "तुमाला वाचता येत न्हाई, भलतंच दाबसाल," मालक म्हणायचा. चिन्हं तर आमाला समदी ठावं होती.

आमच्या वस्तीत खरी आंधळी एकच, माझी सासू. मोतीबिंदूनं गेलेले डोळे. मतदानाला आमी अकरा जणी व्हायचो.

तिथून थेट कापूस येचायला. मालकीण बांधावरून सांगायची, "किडकी कवडी नको यायला कापसात. डोळे उघडे ठेवून येचा." सकाळच्या आंधळ्या आमी दुपारी किडका कापूस निवडून बाजूला काढायचो. कुणी हसलंबी न्हाई. राग यायचा का म्हणसाल, तर न्हाई यायचा. मुंग्या आलेला पाय असतो, तसं झालतं.

गावात लय मतदान होतं म्हणून तालुक्याला मालकाचा सत्कार झाला. गाव कुणाच्या बाजूचं ते पेपरात छापून आलं. आमच्या मास्तरनं वाचून दाखवलं, तवा आमाला कळलं आमी कुणाच्या बाजूचे.

मागच्या विधानसभेला टेबलावर नवा सायेब होता. फॉर्म भरता भरता त्यानं इचारलं, "बाईंना कधीपासून दिसत नाही?"

पुतण्या म्हणाला, "जन्मापासून."

आजवर कुणी हे इचारलं नव्हतं. मला आईचं तोंड दिसलं, कपाळावरच्या गोंदणासकट. नवऱ्याचं दिसलं, तिरडीवरचं. जन्मापासून म्हणजे ह्यातलं मी काहीच बघितलं न्हाई. मी पदर वर केला.

"सायेब, मला दिसतंय. तुमच्या शर्टाचं वरून दुसरं बटन तुटलंय."

सायबानं छातीला हात लावून बघितलं. मग फॉर्म फाडला. "एकट्या जा, बाई."

पुतण्या कानाशी येऊन म्हणाला, "बघतो तुला." मी आत गेले. पुठ्ठ्याच्या आड मशीन. एवढ्या वर्षांत बटन पहिल्यांदा माझ्या बोटाखाली. काचंत चिठ्ठी दिसली, मग खाली पडली. कुणाचं दाबलं ते सांगणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी मजुरांचा ट्रॅक्टर माझ्या दारापुढून गेला, थांबला न्हाई. तिसऱ्या दिवशीबी तसाच. ट्रॅक्टरमधल्या बाया दुसरीकडं बघायल्या. त्यांचंबी पोट हाय. तवापासून मी कोसभर चालत राणीसावरगावाकडं जाते, परक्यांच्या रानात. दिवस बुडाल्यावर घरी.

सासू लय बोलली. "एका दिसाची आंधळी झाली असतीस तर काय बिघडत होतं? मी रोजची हाय." ती खरंच रोजची हाय.

आता जिल्हा परिषदेचं मतदान यायलंय. तिचं बटन आजवर मालकाचा भाचा दाबायचा. कोणतं दाबलं ते तिला कधी सांगितलं न्हाई, तिनं इचारलंबी न्हाई. परवा भाकरी वाढताना मी बोलले, "आत्याबाई, ह्या टायमाला सोबती मी. चिन्हं एकेक करून सांगते. तुमी म्हणसाल तेच दाबीन."

तिनं भाकरी चाचपून एक घास मोडला. मग म्हणाली, "मी मालकाचंच सांगितलं तर?"

"तर मालकाचंच दाबीन. पण तुमाला इचारून."

भाचा येईलच सकाळी, दर टायमासारखा, तिचं मनगट धरायला. मी उंबऱ्यातच उभी राहणार हाय. त्यानं हात पुढं केला की पहिला त्याचा हात धरणार.